अकराशे रुपयांचं प्लगचं वॅटमीटर, दोन महिने वापरल्यावर

मार्चच्या बिलात २६८ युनिट आले आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी तोच विषय, कोण खातंय एवढी लाईट. सासूबाईंचं ठाम मत की मिक्सर. ह्यांचं मत फ्रीज जुना झालाय. मुलगा आता दहावीला, व्हेकेशन बॅच चालू झालेली आणि त्यात विद्युतधारेचे परिणाम हा धडा चाललेला, तो म्हणाला आई मत नको मोजूया. त्याच्या बॅचमधल्या एका मुलाकडे प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर होतं, तसंच आम्ही घेतलं. दोन महिने झाले, घरातली एकही वस्तू सोडली नाही, म्हणून नीट लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मला मराठीत कुठंच काही वाचायला मिळालं नव्हतं.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. मोबाईलच्या मोठ्या चार्जरएवढा पांढरा डबा, मागे तीन जाड पिना, पुढे सॉकेट आणि वर छोटा स्क्रीन. भिंतीतल्या १६ अँपियरच्या सॉकेटमध्ये हा लावायचा आणि ह्याच्या सॉकेटमध्ये आपली वस्तू. स्क्रीनवर बटण दाबत गेलं की व्होल्ट, अँपियर, वॅट, पॉवर फॅक्टर, आणि लावल्यापासून किती युनिट गेले आणि किती वेळ झाला हे सगळं येतं. किंमत अकराशे. पहिल्यांदा एका दुकानदाराने आम्हाला पातळ पिनांचं १० अँपियरचं मीटर दिलं, कशालाही चालतंय म्हणाला. घरी येऊन मुलाने गीझरचा हिशेब केला, २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपियर, दहाच्या अगदी जवळ, आणि गीझरचा प्लग जाड पिनांचा, तो ह्यात बसतच नाही. परत नेऊन दिलं तर बदलून द्यायला त्याने फार कटकट केली. घेताना १६ अँपियर लिहिलेलंच बघून घ्या, आणि सहा अँपियरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावून त्यावर गीझर किंवा इस्त्री कधीही चालवू नका, वायर तापते.

आता पहिली परीक्षा मिक्सरची, कारण सासूबाईंना उत्तर हवं होतं. शेंगा चटणी करायची होतीच. खरं तर चटणी उखळात कुटलेलीच चांगली लागते पण रोज कोण कुटणार. मिक्सर लावला, स्क्रीनवर ४३० वॅटच्या आसपास आकडा नाचत होता, सासूबाई म्हणाल्या, "बघ, म्हणलं नव्हतं?" चार मिनिटं थांबूनथांबून फिरवला आणि मग युनिटचं बटण दाबलं तर ०.०३ सुद्धा पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आंघोळीच्या वेळी गीझर लावला, त्यांना बारा महिने गरम पाणी लागतं, १५ लिटरचा गीझर. बंद झाला तेव्हा आकडा ०.५५. गीझर आवाज करत नाही, कोपऱ्यात गप्प असतो, आणि मिक्सरच्या एकोणीस पट युनिट घेऊन बसलाय.

पण सासूबाईंना पटेना, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "जुन्या मीटरात चकती होती की, मिक्सर लावला की गरगर पळायची, मी स्वतः बघितलंय." बरोबर आहे, पळायचीच. आमच्या वाड्यात काळं मीटर होतं, काचेतून आडवी ॲल्युमिनियमची चकती दिसायची, तिच्या कडेला एक काळी खूण. मुलाने त्यांना त्याच चकतीवरून सांगितलं, "आजी, चकती किती जोरात पळते ते वॅट. आणि महिनाभरात तिचे एकूण किती फेरे झाले ते युनिट. मिक्सरने ती जोरात पळायची पण चारच मिनिटं." त्या क्षणी मलाच सगळं लख्ख झालं. मी बी.कॉम. झालेय, शाळेत किलोवॅट अवर पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलं होतं, पण वॅट आणि युनिट ह्या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत हे एवढ्या वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं. एक आहे वेग. दुसरं आहे त्या वेगाने झालेलं अंतर. बिल अंतराचं येतं, वेगाचं नाही.

म्हणूनच एक गोष्ट मला आता फार खटकते. कूलर घ्यायला गेलो तर दुकानातला मुलगा म्हणतो, मॅडम हा १७५ वॅट पर आवर घेतो. सोलरवाले म्हणतात ३ किलोवॅट पर आवर. असं काही नसतंच. वॅटमध्ये वेळ आधीच आहे, १ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल. गाडी ताशी साठ "दर तास" असं आपण म्हणतो का? १७५ वॅटचा कूलर एक तास चालला तर १७५ वॅट-अवर झाले, म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले नाही. असे हजार वॅट-अवर जमले की एक किलोवॅट-अवर, तेच आपलं एक युनिट. सोलरचं पण तसंच, ३ किलोवॅट हा पॅनेलचा जास्तीत जास्त वेग, रोज मिळणारं अंतर वेगळं सांगावं लागतं, एका किलोवॅटला साधारण चार युनिट दिवसाला धरतात. हे दोन आकडे एकमेकात मिसळले की माणूस फसतो, म्हणून एवढं लिहिलं.

ज्यूलचा विषय निघालाच आहे तर पाण्याच्या मोटरची गोष्ट सांगते, ह्या मीटरने मला सगळ्यात जास्त आनंद तिथे दिला. सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आलं की पहिली धावपळ मोटर चालू करायची. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत, साधारण १० मीटर उंची, हजार लिटरची टाकी. अर्धा एचपीची, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, मीटरवर ५६० वॅट, टाकी भरायला अर्धा तास, युनिट झाले ०.२८. मुलगा वही घेऊन बसला. हजार लिटर म्हणजे हजार किलो, गुणिले ९.८, गुणिले १० मीटर, एकूण ९८,००० ज्यूल. एवढंच काम पाण्याला वर चढायला लागतं. आणि एक युनिट म्हणजे १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, ३६ लाख ज्यूल. म्हणजे ०.२८ युनिट झाले १० लाख ज्यूल. त्याने तीनदा हिशेब केला, त्याला वाटलं शून्य चुकलं. शून्य चुकलं नव्हतं, आपण दहापट वीज घालतोय. बाकीची गेली मोटर तापण्यात, घरघर आवाजात, पाणी अर्ध्या इंची पाइपात घासत वर जाण्यात. त्या दिवशी मोटर बंद केल्यावर त्याने तिच्यावर हात ठेवून बघितला आणि पटकन काढला, म्हणाला इथे गेले आपले ज्यूल.

एक युनिट किती मोठं आहे हे पण मला तेव्हा कळलं. ६० किलोचं माणूस एक मजला, तीन मीटर धरू, जिना चढलं तर १,७६४ ज्यूल काम होतं. एका युनिटासाठी असे दोन हजारांच्यावर मजले चढावे लागतील. आणि आपण काही रुपयांत ते घेतो आणि रिकाम्या खोलीत पंखा सोडून बाहेर जातो. आणि दुसऱ्या टोकाला आपल्या इथलंच फताटेवाडीचं एनटीपीसीचं वीजकेंद्र, ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १३२० मेगावॅट. पूर्ण ताकदीने चाललं तर एका सेकंदात ३६६ च्या वर युनिट. आमचा मार्चचा अख्खा महिना तिथे एका सेकंदात पुरून उरतो. होटगीच्या बाजूला गेलं की ती चिमणी लांबून दिसते, आता मुलगा ती दिसली की आकडेच सांगत बसतो.

इस्त्रीची गंमत वेगळी. इस्त्रीवर १००० वॅट लिहिलंय. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी लावली तर मीटर म्हणतंय ७४०. मला वाटलं मीटर बिघडलं, अकराशे गेले. बटण दाबून व्होल्ट बघितले तर १९८. गल्लीतले सगळे कूलर चालू, त्यामुळे व्होल्टेज पडलेलं. पण १९८ म्हणजे २३० च्या मानाने १४ टक्केच कमी, मग वॅट २६ टक्के कसे कमी? तर धड्यातलंच सूत्र, तापणाऱ्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तोच राहतो, व्होल्ट कमी झाले की अँपियर पण कमी होतात, आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार, त्यामुळे दोन्हीकडून मार बसतो. इस्त्रीचा रोध २३० गुणिले २३० भागिले १००० म्हणजे ५३ ओहम निघतो, १९८ गुणिले १९८ भागिले ५३, बरोबर ७४०. मीटर बिघडलं नव्हतं, खरं बोलत होतं. आणि म्हणूनच उन्हाळ्यात संध्याकाळी इस्त्री लवकर तापत नाही. इस्त्रीवाल्या कंपनीला उगाच दोष दिला मी दोन उन्हाळे.

आता मीटर बरोबर दाखवतं का हे कसं तपासायचं, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि ह्याला एक रुपया लागत नाही. दाराबाहेरच्या मीटरवर एक लाल दिवा मिणमिणतो बघा, त्याच्याजवळ लिहिलेलं असतं, आमच्यावर ३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्यावर आकडा वेगळा असू शकतो, वाचून घ्या. म्हणजे जुन्या चकतीचे फेरे आता दिवा मोजतो. आम्ही फ्रीजसकट घर सगळं बंद केलं, फक्त पाणी उकळायची इलेक्ट्रिक किटली ह्या प्लगच्या मीटरवर लावली, मुलगा बाहेर मोबाईलवर मिनिट लावून दिवा मोजतोय आणि मी आत स्क्रीन बघतेय. त्याचे झाले ७८. ७८ गुणिले ६० भागिले ३२००, १.४६ किलोवॅट. माझ्या स्क्रीनवर १४५५. अगदी जवळ. ह्या एका गोष्टीसाठी मी ह्या मीटरला पूर्ण मार्क देईन.

आणि खरा चोर सापडला तो ह्या दिव्यामुळेच. कारण छताचा पंखा प्लगच्या मीटरला लावता येत नाही, त्याला प्लगच नाही, ही ह्या वस्तूची मोठी मर्यादा आहे. मग परत सगळं बंद, फक्त हॉलचा पंखा पाचवर. दिवा बरोबर १५ सेकंदांनी एकदा, मिनिटाला ४. म्हणजे ७५ वॅट. आमच्याकडे असे चार पंखे, सोलापूरच्या मार्चपासून ते बारा बारा तास चालतातच, दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. २६८ मधले १०८ पंख्यांचे! ज्याच्याकडे कुणाचं बोट गेलंच नव्हतं. एप्रिलमध्ये हॉल आणि बेडरूमचे पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले, तिथे दिवा दहा मिनिटांत १६ वेळाच, म्हणजे ३० वॅट. दोन पंख्यांत महिन्याचे ३२ युनिट कमी. फ्रीजचं पण ह्यांचं थोडं खरं निघालं, २४ तासांत १.४ युनिट घेत होता, दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं आणि भिंतीपासून जरा पुढे ओढला तर १.१ वर आला. आणि सेटटॉप बॉक्स, टीव्ही बंद असला तरी ह्याचे ९ वॅट चालूच, रात्रंदिवस, महिन्याला साडेसहा युनिट. मिक्सर रोज लावला तरी महिन्याला एक युनिट पण होत नाही. सासूबाईंनी आता स्वतःहून झोपताना बॉक्सचं बटण बंद करायला सुरुवात केलीय.

पॉवर फॅक्टरचा आकडा बघून बरेच जण गोंधळतात म्हणून थोडक्यात. ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तर २३२ व्होल्ट आणि ०.०७ अँपियर दाखवतं, गुणाकार करा, सोळाच्या वर येतो, आणि वॅट मात्र ९. तो सोळाचा आकडा व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर, आणि वॅट भागिले व्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. करंट आणि व्होल्टेज एका तालात नसले की असं होतं. घरगुती बिलात युनिट खऱ्या वॅटवरूनच मोजतात त्यामुळे काळजी नाही, पण इन्व्हर्टर घेताना लक्षात ठेवा, ९०० व्हीए लिहिलंय म्हणजे ९०० वॅट चालतील असं नाही. आणि बॅटरीवरचे १५० एएच (अँपियर-अवर) म्हणजे पण ऊर्जा नव्हे, त्याला १२ व्होल्टने गुणलं की १८०० वॅट-अवर, पावणेदोन युनिटच्या वर थोडं, आणि त्यातलं पण सगळं हाताला लागत नाही.

मावशीकडे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "घेऊन या की इकडं, बघू आमचं लूम किती ओढतंय." नेलं, पण लूमची मोटर थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारी, तिथे हे चालत नाही. काकांचं गणित मात्र तयार होतं, एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट. खरंच ७४६ वॅट. वाफेची इंजिनं विकताना घोड्याशी तुलना करून जेम्स वॅटने हे माप रूढ केलं, आणि १८८२ मध्ये त्याच्याच नावावरून वॅट हे एकक सुचवलं गेलं. पण मोटरच्या पाटीवरचं एचपी म्हणजे ती दांड्यावर जेवढं देते ते, आत घेते त्याहून जास्त, एक एचपीची मोटर पूर्ण लोडला नऊशे ते हजार वॅट घेते. काकांच्या शेडच्या मीटरवर पण तो लाल दिवा आहेच. लूमच्या खडखडाटात काकांनी आणि मुलाने मिळून एकेक लूम बंद करत तो मोजला, आणि चारातला एक लूम बाकीच्यांपेक्षा बराच जास्त घेतो हे सापडलं. त्याचं बेअरिंग बघायचं ठरलंय.

आता दोष. स्क्रीनला आतून उजेड नाही, आमची सॉकेटं खाली कोपऱ्यात, प्रत्येक वेळी मोबाईलची बॅटरी लावून खाली बसून वाचावं लागतं, सासूबाईंना तर शक्यच नाही. आत एक छोटा सेल आहे, लाईट गेली तरी आकडे राहतात असं खोक्यावर लिहिलंय, पण फ्रीजचं मोजमाप १८ तास झालेलं असताना लाईट गेली आणि सगळं शून्य, परत पहिल्यापासून. कंपनीला फोन केला तर सेल काढून परत घाला एवढंच सांगितलं, तसं केल्यावर नंतर राहतायत आकडे. गीझर पूर्ण वेळ चालला की डबा चांगलाच गरम लागतो, म्हणून मी गीझरला कायम लावून ठेवत नाही, मोजलं की काढते. दोन-तीन वॅटच्या खालचं ह्याला दिसत नाही, मोबाईल नसलेला चार्जर लावला तर सरळ शून्य. माहितीपत्रक इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. आणि युनिटचा दर टाकून रुपये दाखवायची सोय आहे पण दर एकच टाकता येतो, आपल्याकडे १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा असं असतं, त्यामुळे ते रुपये निरुपयोगी. ह्यावरून एक, ३०० ओलांडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असं बरेच जण समजतात, आम्ही पण समजत होतो. तसं नाही, ३०० च्या वर जेवढे गेले तेवढ्यांनाच वरचा दर, बिलाची मागची बाजू काढून बघा.

मेचं बिल आलंय, २८९. कूलर महिनाभर रात्री आठ तास चालला, त्याचे ४२ युनिट धरले तर बाकी घर २४७ वर आलं. अजून दोन पंखे बदलायचे राहिलेत, ते दिवाळीच्या आधी.

पाचपैकी चार देईन, एक मार्क तो सेल आणि बिनउजेडाच्या स्क्रीनचा कापला. दहावीचं मूल घरात असेल तर जरूर घ्या, नसेल तर शेजारीपाजारी मिळून एक घेतलं तरी पुरतं, रोज लागणारी वस्तू नाही. आमचं आज शेजारच्या काकूंच्या फ्रीजला लावलंय, उद्या सकाळी साडेसातला २४ तास होतील.